ग्रुपवरचा हुंकार
श्रावणातला सोमवार. सोनपेठच्या आमच्या वाचनालयात हजर: ग्रंथपाल म्हणून मी, अध्यक्ष आणि किराणा दुकानदार काका. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. डोळ्याचं ऑपरेशन झालेले काका काळा चष्मा लावून अर्धवट कादंबरी परत द्यायला आले होते. "डॉक्टर म्हणले, सध्या वाचायचं न्हाई. तवर मी सगळी गोष्ट इसरून जाईन," ते खिन्नपणे म्हणाले. मी म्हणाले, "काका, रोज एक प्रकरण वाचून आपल्या वाचनालयाच्या ग्रुपवर टाकते, तुम्ही ऐका." अध्यक्ष हसले. "म्याडम, त्या ग्रुपवर फुलं आन् गुड मॉर्निंग. तिथं कोण ऐकायलंय?" मलाही खात्री नव्हती, तरी कपाटाआड बसून मी पहिलं प्रकरण वाचून पाठवलं. काकांचं उत्तर ग्रुपवर बोलूनच आलं, "वाचता लय ग्वाड, पण पोथी ऐकताना कुणीतरी हूं म्हणत असतंय. हुंकार न्हाई म्हणून मला झोप लागली." दुसऱ्या दिवशी मी प्रकरण तुकड्यातुकड्यांनी पाठवलं, तसे प्रत्येक तुकड्यानंतर ग्रुपवर आवाज येऊ लागले: पाथरीहून एका बाईंचा हूं, शेतातून एका दादांचा, मागे मोटारीची घरघर. काका जागे राहिले. कादंबरी संपली तेव्हा सगळ्यात मोठा हूं अध्यक्षांचा होता, आणि लगेच प्रश्न, "म्याडम, उद्यापासून कोणतं घ्यायलात?" आता काका स्वतः वाचतात, तरी रोजचं प्रकरण चुकवत नाहीत. अध्यक्षांनीच लावलेली 'येथे मोबाईल वापरू नये' ही पाटी काढायची मात्र अजून राहिली आहे.