चौदा पावलांची ओळ

आमच्या शेजारच्या हवालदारकाकांइतका पायांनी विचार करणारा माणूस मला घाटकोपरात तरी दुसरा भेटलेला नाही. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण नळावर बादली घेऊन जातानाही ते तोंडातल्या तोंडात पावलं मोजत. दुधाच्या रांगेत ते पुढच्याच्या मागे एका माणसाची जागा मोकळी सोडत. कुणी त्या जागेत घुसलं तर भांडत नसत, आणखी एक पाऊल मागे सरकत. त्यामुळे त्यांना दूध बहुधा शेवटी मिळे. "काका, रांग कशाला मोडता?" बायका विचारत. "मोडत नाय गो, राखतंय," असं त्यांचं उत्तर.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. मराठीच्या तोंडी परीक्षेत मात्रा मोजताना एकदा नापास झालो होतो, आणि तीच परीक्षा पुन्हा द्यायची होती. बाबांची गिरणी बंद पडलेली. मुलुंडच्या एका कारखान्यात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "उद्या पास झालास तर कॉलेज, नायतर सोमवारपासून कामाला," ते शांतपणे म्हणाले. रागावून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी गॅलरीत मी युद्धकवितेचं एकच कडवं बोटांवर मोजत होतो आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. काका ऐकत होते. मला ते 'कॉलेज' म्हणूनच हाक मारत.

"काय मोजतोस रे कॉलेज?"

"मात्रा. लघु अक्षराची एक, गुरूची दोन."

"लढाईची कविता आणि बोटांनी मोजतोस? चल, उभा राहा. लघुला एक पाऊल, गुरूला दोन."

'डोंगर चढुनी गेली पलटण.' मी ओळ म्हणत होतो, दोघं पावलं टाकत होतो. सोळा पावलं, चार-चारच्या तुकड्या. 'मागे उरले नुसते अंगण.' पुन्हा सोळा, शेवटी यमक. समोरच्या काकू स्टोव्ह बारीक करून दारात आल्या. 'परतुन आले सारे, पण'. चौदालाच ओळ संपली. काकांचा एक पाय हवेतच राहिला.

"दोन कमी आहेत. कवी चुकला असेल," मी म्हणालो.

काकांनी पाय सावकाश खाली ठेवला. "चुकला नाय. माणूस पडला की हुकूम येतो, जागा भरून घ्या. आम्ही भरली. ह्याने नाय भरली." मग ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी पार्ल्याच्या कॉलेजात मी बाकाखाली पाय हलवत मात्रा सांगितल्या. सरांनी विचारलं, "तिसरी ओळ आखूड का?" काका बोलले तेच बोललो. सरांनी ती ओळ स्वतः बोटांवर मोजली.

"हे कुठल्या गाइडमध्ये आहे?"

"शेजारी राहतात, सर."

पास झालो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "झकास," आणि बादली घेऊन नळावर गेले.

पुढच्या सकाळी दुधाच्या रांगेत मी त्यांच्या पुढे होतो, मधली जागा सोडून. एक बाई पिशवी सावरत त्या जागेकडे आल्या. "मावशी, तिथे कुणीतरी उभं आहे," मी म्हणालो. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि मागे गेल्या.

त्या दिवशी काकांना दूध वेळेवर मिळालं. परत येताना ते पावलं मोजत नव्हते.