धुक्यातून आलेली ओ

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी वाचतो ते चहाबरोबरची करमणूक म्हणून, आणि बऱ्याचदा खाली खवचट कमेंटही टाकतो... "झोप नीट झाली नव्हती का?" वगैरे. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. समोरचा सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः गेज लावून बघायचं, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा आता हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. म्हणा खुशाल.

पावसाळा नुकताच सरला होता. माझी थोरली बहीण अक्का आणि दाजी निपाणीहून बनशंकरीला माझ्याकडं आले होते. दाजींना मागच्या वर्षी स्टेंट बसवलेली. तेव्हापासून अक्का त्यांना धड जिनाही चढू देईना, आणि दाजींनी हट्टच धरला — "एक डोंगर चढून दाखवतो, मग तरी मला आजारी म्हणायचं बंद करा." डॉक्टर म्हणाले, सावकाश जा, गोळ्या जवळ ठेवा. मग चिक्कमगळुरूच्या पलीकडचा एक डोंगर ठरला. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच लोक शोधत जातील. चढ बेताचा, पण वाट जवळजवळ सगळी पाणथळ. वरून हिरवंगार गवत, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत! घळींत दाट रान, बाकी सगळा उघडा माळ आणि जळवा. वनखात्याचा गाइड सक्तीचा असतो, आमच्याबरोबर मंजुनाथ म्हणून एकजण होता.

सकाळपासून छान ऊन होतं. माथा अगदी समोर दिसायला लागला आणि अक्काचा बूट चिखलात असा रुतला की निघेचना. मी आणि मंजुनाथ ओढत बसलो. दाजी म्हणाले, "तुमचं चालू दे, मी हळूहळू पुढं होतो." बूट निघाला, मान वर करून बघतो तर पुढं काहीच नाही. डोंगर नाही, वाट नाही, दाजी नाहीत. नुसतं पांढरं धुकं... आणि दाजींच्या गोळ्या अक्काच्या सॅकमध्ये.

मी ओरडलो, "दाजीऽऽ!" उत्तर नाही. फोनला तर रेंज नव्हतीच. अक्काचं तोंड एवढंसं झालं. तिनं हाक मारली, "अहोऽऽ!"

"ओ..."

लगेच. डाव्या हाताला, फार लांबही नाही. दाजींचाच आवाज, तंबाखूनं घासलेला, शंकाच नको. माझा जीव भांड्यात पडला. मंजुनाथही तिकडं बोट करून कन्नडमध्ये म्हणाला, "आ कडे इद्दारे सर," त्या बाजूलाच आहेत असं. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. मी परत दाजींना हाक मारली तर गप्प. अक्कानं "अहो" म्हटलं की मात्र लगेच "ओ".

"चल की अक्का, तिकडं हाईत ते!" मी म्हटलं. ती थोडी पुढं गेली आणि थांबली. मी असा वैतागलो! तिकडं त्या माणसाला काय होतंय कुणास ठाऊक, आणि ही खांबासारखी उभी. मी तिला ढकललंच म्हणा ना. तर माझा हात झिडकारून ती उलट उजवीकडं तोंड करून उभी राहिली.

इथं एक सांगायला हवं. अक्का नवऱ्याचं नाव घेत नाही. दवाखान्याच्या काउंटरवर पेशंटचं नाव विचारलं तरी ती माझ्याकडं बघते, मग मी सांगायचं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्याच अक्कानं त्या धुक्यात, बेंबीच्या देठापासून —

"मळ्यातल्या विहिरीला पाणी बारमाहीऽऽ, वसंतरावांचं नाव घ्यायला लाजायचं नाहीऽऽ!"

नुसतं नाव तोंडातून निघेना म्हणून अख्खा उखाणा! एरवी मी हसून लोळलो असतो. तेव्हा अंगावर काटा आला.

डावीकडून काही नाही. मग वरून, चक्क उजवीकडून, "अगं वर हाय मी! येड लागलं काय तुला?"

दाजी माथ्यावर दगडावर आरामात बसून चिक्की खात होते. अक्का त्यांच्याजवळ बसून रडली, मग त्यांना खूप बोलली, मग गोळी दिली. दाजींनी आमची एकही हाक ऐकली नव्हती आणि ओ तर दिलीच नव्हती. "एकदम उखाणाच आला कानावर. मला वाटलं, कुणाच्या लग्नाला आलोय का काय."

उतरताना धुकं विरलं होतं. ज्या बाजूनं ओ येत होती तिथं एक सपाट, सुंदर हिरवा तुकडा होता. मंजुनाथनं कडेला उभं राहून त्यात काठी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती ओढून काढली, पुसली आणि "स्वल्प बेग नडीरि", जरा भराभर चला, एवढंच म्हणून पाय उचलला.

मी पुष्कळ डोकं चालवलं. प्रतिध्वनी म्हणाल, तर "अहो"चा "अहो"च यायला हवा, आणि मग माझ्या हाकेचा का नाही? दुसरे ट्रेकर्स म्हणाल, तर त्या दिवशी वनखात्याच्या गेटवरून वर फक्त आम्हीच गेलो होतो. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही हे मान्य, पण ज्यानं ओ दिलीच नाही त्याच्या आवाजाची दिशा कुठून चुकणार? कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी मनापासून वाचेन.

परतीच्या बसमध्ये दाजी घोरायला लागल्यावर मी विचारलं, "अक्का, तू थांबलीस कशी? आवाज तर त्यांचाच होता."

"त्यांचाच होता की," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत यांनी माझ्या पहिल्या हाकेला कधी ओ दिलीय? चार हाका मारल्यावर 'काय कटकट आहे' म्हणतात. हा लगेच देत होता. आणि किती मायेनं रे... तेव्हाच कळलं, हे ते नव्हेत."

तिनं खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं. मला वाटलं, डोळा लागला.

"कळलं," ती हळूच म्हणाली, "तरी जावंसं वाटत होतं."