पखवाजाची कणीक

चार वाजवणारे एका ओट्यावर जमले की वाजवणं कमी आणि किस्सेच जास्त! मुदखेडला हसनचाचांचं ढोलकी-तबले मढवायचं दुकान होतं, तिथल्या ओट्यावर आमचा अड्डा. चाचा कव्वालीत ढोलक वाजवायचे, ज्ञानोबामामा भजनात पखवाज, बिलोलीचा पोशट्टी लग्नात हलगी. मी आपला टाळकरी, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे. मामा नेहमी म्हणायचे, "पखवाज सुटला की मी सुटलो." आम्ही हसायचो. ते दिवस आठवले की अजून करमत नाही.

*

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तेव्हा कुठं तो घुमतो. एका गुरुवारी भजनाआधी मामांच्या नव्या सुनेनं कणीक मळून दिली. सवयीनं मीठ घातलं, वर तेलाचा हातही फिरवला. पहिलीच थाप पडली आणि गोळा घसरून मामांच्या मांडीवर!

मामा म्हणाले, "सूनबाई, पखवाज पोळ्या खात न्हाई!"

पुढं मात्र दर गुरुवारी कणीक तिनंच मळली.

*

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. भर मे महिन्यात एका वरातीत पोशट्टीनं रस्त्यातच कडबा पेटवला आणि हलगी शेकत बसला. घोड्यावर सुटातला नवरदेव घामानं निथळून राहिलेला. त्याचा काका ओरडला, "अरे किती वेळ? पोरगं तापलं की!"

पोशट्टीनं मानही वर केली नाही. "नवरदेव तापला हो, हलगी कुठं तापली?"

*

माझ्या भाच्यानं पुण्याहून जेंबे आणला. आफ्रिकेतला ड्रम, वर कातडं, खालून पोकळ. मामांनी तो उलटा करून आत हात घातला. "ह्याचं दुसरं तोंड कुणी फोडलं रे?"

भाच्यानं दाखवलं, मधे तळवा मारला की बेस, काठावर बोटं मारली की कडक आवाज. चाचांनी ढोलक वाजवताना अंगठ्यात घालायचा लोखंडी छल्ला काढून ठेवला आणि जेंबेवर कव्वालीचा ठेका धरला. पोशट्टी तर नाचायलाच लागला!

वाजवून झाल्यावर चाचांनी जेंबे लांब ठेवला. "चीज चांगली हाय. पण मढवायला एकच तोंड, म्हंजे आमचा धंदा निम्मा!"

*

गेल्या वर्षी मामांना लकवा मारला. उजवा हात गेला. पखवाजावर खोळ चढली. "इकून टाका त्याला," एवढंच म्हणायचे. त्यांचं जुनं वाक्य आठवायचं, आणि आता कुणाला हसू यायचं नाही.

एका गुरुवारी चाचा आम्हाला घेऊन मामांच्या घरी गेले आणि पखवाजाची खोळ काढली. सूनबाईनं न सांगता कणीक आणून ठेवली, बिनमिठाची. मामांनी डाव्या हातानं ती कणीक डाव्या तोंडावर थापली. चाचा मामांच्या उजवीकडं सरकून बसले आणि पखवाजाचं उजवं तोंड त्यांनी घेतलं.

मी टाळ धरला. सुरुवातीला नुसता गोंधळ! कव्वालीची सवय, त्यामुळं चाचांचा हात सारखा पुढं पळायचा.

मामा भडकले, कित्येक महिन्यांनी. "उजवा हात लई पळून राहिला!"

चाचा म्हणाले, "हात तुमचाच हाय, मामा. तुम्हीच आवरा!"