मामांनी वाचून दाखवलेलं प्रकरण

माझ्या बायकोच्या मामांइतका पेशीवर जीव टाकणारा आणि घरातल्या माणसाकडे इतकं कमी बघणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. भुसावळच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर उरलेल्या गावाला शिकवायला घेतलं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही, मामांनी एकदम विचारलं, "रायबोसोम कुठे असतात?" मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला माणूस. घाबरून म्हणालो, "चौकशी करून सांगतो." मामा खूश. "माहीत नाही हे कबूल करतो, मुलगा चांगला आहे," म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. मुलीला कोणी विचारलंच नाही.

पहूरला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पानातली गोल बट्टी हातात धरून "ही पेशी समजा" म्हणून सुरुवात केली. पेशीत निरोप येतात, रायबोसोम ते वाचतात आणि प्रथिनं बांधतात; सगळं शरीर त्या बांधकामावर उभं. पंगत उठली, वरण गार झालं, मामा बोलतच होते. मामी तुपाची वाटी घेऊन मागे उभ्या होत्या. पहूर त्यांचं माहेर, पण त्या दिवशी त्यांना कोणाशी धड बोलता आलं नाही. मामांचं जेवण व्हायचं होतं ना.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही भुसावळला गेलो. फळीवरची बरणी काढायला मामींचा हात वर जाईना. बायकोने आत नेऊन बघितलं आणि बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. छातीत लिंबाएवढी गाठ.

जळगावच्या दवाखान्यात तपासणीचा कागद आला. डॉक्टरबाईंनी तोंड उघडायच्या आत मामांनी सुरुवात केली. कर्करोगाच्या पेशीत प्रथिनं बांधणारी यंत्रणा बेलगाम होते, "वाढा, मरू नका" असे निरोप आधी वाचले जातात, म्हणून गाठ फोफावते. तेव्हा ती यंत्रणाच रोखणारं औषध द्या. बाईंनी शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे सर. त्या दिशेने बरंच संशोधन चालू आहे. पण यांच्या गाठीला आज जे लागू पडेल ते आपण देऊ." मग मामींकडे वळून विचारलं, "पहिल्यांदा कधी जाणवली?"

मामी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पोळ्याच्या टायमाले."

म्हणजे आठ महिने. मामा ओरडलेच, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगाले आल्ते ना. च्या घेऊन आल्ते. तुमी ते पोरांसाठी पुस्तक लिहीत व्हते. म्हने, बस, हे प्रकरण ऐक आधी. तेच्यात हेच व्हतं. गाठीच्या पेशी कशा वाढता, कशा थांबत नही. पयलेपासून बठ्ठं वाचून दाखवलं तुमी. मंग म्या म्हटलं, थांबतच नही तं सांगून काय करनं?"

तीस वर्षं ज्यांना कोणी गप्प करू शकलं नव्हतं, ते मामा पायांतल्या चपलांकडे बघत बसले. त्या प्रकरणाच्या शेवटी लवकर सापडलेली गाठ बरी होऊ शकते असंही लिहिलेलं होतं. पण चहा गार होईल म्हणून ते पान त्यांनी दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं, आणि ते वाचून दाखवायचं राहूनच गेलं. हे त्यांनी मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं, आणि नंतर कधीच कोणाला नाही.

औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली. मामींचे केस गेले, थोडे परत आले, आणि संक्रांतीनंतर मामी गेल्या. मला मामांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? दहाव्याला आलेल्यांपैकी निम्म्या माणसांनी त्यांचं व्याख्यान ऐकलेलं होतं. मामींचा आवाज नीट आठवणारे मात्र चार-पाचच निघाले.

परवा भुसावळला गेलो होतो. मामांनी माझ्या बायकोला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुझं कसं चाललंय, बेटा?" ती म्हणाली, "बरंय मामा." मामा मान किंचित पुढे करून, तिच्या तोंडाकडे बघत तसेच बसून राहिले, अजून काही सांगायचं असेल तर राहून जाऊ नये म्हणून. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ती बराच वेळ काहीबाही बोलत राहिली.