नैऋत्येची टाकी

उज्वला शिरोडेला भाजीवाल्याने पिशवीच्या तळाशी किडकी वांगी घातली, तर ती भांडायला जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वांगी नेऊन त्याच्याच गाडीवर, चांगल्या वांग्यांच्या पुढे, गिऱ्हाइकांना दिसतील अशी मांडते आणि काही न बोलता घरी येते. सातपूरला तिची खानावळ सुरू झाल्यापासून हे असंच चाललं आहे, आणि म्हणूनच तिला भाजी चांगली मिळते. मी तिच्याकडून रोज संध्याकाळचा डबा घेते. शाळेतल्या नोकरीत रागीट माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेकांचा राग स्वतःच्या मानासाठी असे. उज्वलाचा राग नेहमी कुठल्यातरी वस्तूसाठी असतो. न शिजलेली डाळ, कमी भरलेला सिलिंडर, पाणी मारून वजन वाढवलेली मेथी.

तिचा नवरा इथल्याच एका कारखान्यात टर्नर होता. तो अकाली गेला, तेव्हा त्याच्या शिफ्टमधल्या सोबत्यांनी तिला डबे करायला सुचवलं. डबे वाढत गेले तशा तिला खोल्या बदलाव्या लागल्या. एका घरमालकाला फोडणीचा ठसका चालेना, एकीला डबे न्यायला येणारे पुरुष चालेनात, एकाला घरात जास्तीचे सिलिंडर नको होते. म्हातारी आई, यशोदाबाई, तिच्याजवळच असते. तिला आता फार थोडं दिसतं. प्रत्येक नव्या जागेत न्हाणीघराची वाट तिला भिंत चाचपत नव्याने शिकावी लागते. मागच्या वेळी सामान लावून झाल्यावर ती लेकीला म्हणाली, "आता ही शेवटची शिकते गं बाई. परत नको." स्वतःचं घर घ्यायचं उज्वलाने ठरवलं ते त्या दिवशी. आणि यंदा चैत्रात घरमालकाने निरोप दिला, की मुलाचं लग्न आहे, वैशाख संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा.

त्याच सुमारास अण्णा पिंगळ्यांनी घर विकायला काढलं. चिंतामण पिंगळे बँकेतून निवृत्त झालेले, कॉलनीतल्या दत्तजयंतीचे कर्ते, रस्त्यात भेटले की लहान मुलाचीही विचारपूस करणारे. त्यांचा मुलगा आयुष बंगळूरला असतो आणि अण्णा आणि त्यांच्या पत्नी मालिनीकाकू त्याच्याकडे जाणार होते. घर चाळीसेक वर्षांपूर्वीचं, एका ओळीतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पण मागे ऐसपैस स्वयंपाकघर, मागच्या गल्लीत उघडणारं वेगळं दार, म्हणजे डबे नेणाऱ्यांचा कुणाला त्रास नाही. उज्वला त्या दारात नुसती उभी राहिली तरी तिचा चेहरा बदलायचा.

अण्णांनी तिला मधे दलाल घालू दिला नाही. म्हणाले, पोरी, तू तर घरचीच आहेस. मालिनीकाकूंनी तिला आमरस-पुरी वाढली. अण्णांनी स्वतः सगळं घर फिरवून दाखवलं आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत थांबून सांगितलं, की यशोदाबाईंचा पलंग इथे, या भिंतीला लाव, डोकं दक्षिणेकडे. घरातल्या वडील माणसाची हीच जागा. त्या खोलीला पीओपीचं नवं छत होतं, मध्ये नक्षीचं फूल. उज्वलाने मला सगळं सांगताना त्या फुलाचंही वर्णन केलं होतं. आईला ते दिसणार नाही, याचं तिला वाईट वाटलं होतं.

आपल्याकडे जुनं घर घेताना कागद बघायला वकील असतो, दिशा बघायला वास्तुवाला असतो. भिंती बघायला कुणी नसतं. भिंतीला काय बघायचं, ती तर समोर उभीच आहे. उज्वलाचा मोठा भाऊ कोंडाजी दिंडोरीकडे असतो. त्याने आपल्या ओळखीचा वास्तुवाला आणला, आणि तो घर बघून हरखून गेला. जड ते सगळं नैऋत्येला, पाण्याची टाकीसुद्धा गच्चीवर बरोबर नैऋत्य कोपऱ्यात. असं घर शोधून मिळत नाही, असं त्याने सांगितलं. अक्षय्य तृतीयेला विसार द्यायचं ठरलं.

मग उज्वलाने इंजिनियर बोलवायचं काढलं. तिची गिऱ्हाइकं सगळी कारखान्यातली. जुनं मशीन घेताना कंपनीचा माणूस ते उघडून, चालवून, तापेपर्यंत बघतो, हे ती जेवणाऱ्यांच्या तोंडून कायम ऐकत आली आहे. तिने स्वतः कणीक मळायचं जुनं यंत्र घेतलं, तेव्हा दुकानात बसून त्यात पीठ मळून घेतलं होतं. तिच्या दृष्टीने यात अपमानासारखं काहीच नव्हतं.

कोंडाजीच्या दृष्टीने होतं. "आपली मानसं हायेत ती, उजे. मानसाच्या घराला डॉक्टर लावते का? लय शानी झाली तू."

"आईला तिथं झोपवायचंय ना, दादा?"

"मग? छत काय आजच पडतंय?"

अण्णाही दुखावले. मला बाजारात भेटले तेव्हा हसत हसतच म्हणाले, की एवढ्या वर्षांत या कॉलनीत माझ्या शब्दाची पावती कुणी मागितली नव्हती. तरी त्यांनी नकार दिला नाही. तिथी जवळ आली होती आणि उज्वला हटणारी नाही, हे त्यांना कळलं असावं.

कोंडाजी येणारच होता. तिने मलाही सोबत यायला सांगितलं. "बाई, तुम्ही नुसत्या बसा. तुमच्यासमोर मी तोंड सांभाळते."

इंजिनियर म्हणजे यशश्री गायधनी, तिशीतली मुलगी. तिने चहा नंतर घेते म्हणून सांगितलं आणि लहान हातोडीने भिंतीवर टकटक करत फिरू लागली. पुढची खोली, जिना, स्वयंपाकघर, सगळीकडे ती मान हलवत पुढे गेली. अण्णा तिच्या मागोमाग चालत आयुषच्या नोकरीबद्दल सांगत होते. मागच्या खोलीत ती भिंतीतल्या कपाटापाशी थांबली. दार उघडून तिने आत हात घातला, आणि कपाट भिंत कोरून बसवलंय का, असं विचारलं. अण्णा म्हणाले, वास्तूप्रमाणे तिजोरी दक्षिणेच्या भिंतीत हवी होती. मग तिने छताचं फूल काढून वर बघायची परवानगी मागितली.

अण्णांचं हसू गेलं. छत नवीन आहे, ते फोडायला ही काय धर्मशाळा आहे, असं ते म्हणाले. बरं, मग गच्ची बघू, असं यशश्री म्हणाली. गच्चीची किल्ली केबलवाल्याकडे राहिलीय, असं अण्णांनी सांगितलं. मालिनीकाकू इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, देवघराखालच्या खणातून किल्ली काढली आणि यशश्रीच्या हातात दिली. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

गच्चीवर, मागच्या खोलीच्या बरोबर वर, दोन हजार लिटरची काळी टाकी विटांच्या चार खांबांवर उभी होती. पूर्वीची टाकी जिन्याच्या भक्कम भिंतींवर होती. तिच्या खुणा अजून दिसत होत्या. अण्णांनी ती वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून हलवली होती आणि त्याच वर्षी आयुषला नोकरी लागली, हे त्यांनी आम्हाला तिथेही सांगितलं. नव्या टाकीचे दोन खांब भिंतीवर आले होते आणि दोन नुसत्या स्लॅबवर. खाली ओल होती, आणि स्लॅबला चीर. यशश्रीने त्या चिरेत पट्टी घालून बघितली, फोटो काढले. मग साध्या शब्दांत सांगितलं. हे घर खांबांवर नाही, भिंतींवर उभं आहे. भिंत खालून कोरली, वरून हे ओझं दिलं, आणि गळतीने आतल्या सळया गंजल्या असणार. दुरुस्ती होईल, पण मोठी होईल. तोवर त्या खोलीत कुणी झोपू नये, आणि टाकी आजच रिकामी करावी.

आम्ही खाली आलो. उज्वला मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिथे पलंग होता, पण त्यावर गादी नव्हती. पुस्तकांचे आणि भांड्यांचे खोके होते. गाद्या पुढच्या खोलीत, सोफ्यामागे गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या मीही येताना पाहिल्या होत्या आणि काही वाटलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही झोपता कुठे?" तिने विचारलं.

अण्णा म्हणाले, उन्हाळा आहे, पुढे वारा लागतो.

"दोन वर्षं झाली," मालिनीकाकू म्हणाल्या. "माझ्या उशीवर खपली पडली वरची. एवढी. मी न्हाणीत होते म्हणून. मग ह्यांनी हे सिलिंग करून घेतलं, आणि तेव्हापासून आम्ही पुढे झोपतो."

अण्णा बायकोला म्हणाले की तू आत जा. त्या गेल्या नाहीत.

"माझ्या आईचा पलंग कुठं लावायचा, ते तुम्ही दाखवलंत," उज्वला म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "डोकं कुणीकडे, तेही सांगितलंत. तुम्ही स्वतः तिथं झोपत नाही, आणि तिला झोपवायला सांगितलंत. तिला छत दिसत पण नाही, अण्णा."

"काही झालं का? देवाच्या कृपेने काही झालं नाही, होणारही नाही." अण्णांचा चेहरा लाल झाला होता. "भाकऱ्या थापणाऱ्या बाईने माझ्या घरात इंजिनियर आणायचा, आणि वर मला शिकवायचं?"

मी तीस वर्षं मुलांना मोठ्या माणसांचा आदर करायला शिकवलं. त्या क्षणी मी त्या माणसाकडे पाठ फिरवली आणि उज्वलाच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

कोंडाजीने मधे पडून सौदा वाचवायचा प्रयत्न केला. तो बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "भाव पाड आन् घे. टाकी उतरवू, भिंत बांधू. तुला परत असं मागचं दार कुठं मिळनार?"

तिने मागच्या दाराकडे बघितलं. तिला ते घर हवं होतं, तेव्हाही हवं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"भिंत बांधता येईल, दादा," ती म्हणाली. "पण ह्यांनी अजून काय काय झाकलंय, ते मी किती ठिकाणी फोडून बघू?"

मग तिने अण्णांना एकच सांगितलं, टाकी आत्ता रिकामी करा. अण्णा म्हणाले, घर माझं, टाकी माझी, तुम्ही निघा. उज्वला निघाली, पण दाराकडे नाही. जिन्याने वर गेली. आम्ही पोचेपर्यंत तिने टाकीच्या तळाचा कॉक पूर्ण सोडला होता. गच्चीच्या पन्हळीतून पाणी मागच्या गल्लीत धबाधबा पडू लागलं.

ऐन उन्हाळ्यात सातपूरला पाणी असं वाहिलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. बायका बादल्या घेऊन धावल्या, पुरुष ओरडू लागले. लगतच्या घरातल्या सुलाबाई सगळ्यांत पुढे होत्या. "कोण गं ती? ऐन उन्हाळ्यात पाणी सोडतेस, लाज आहे का?"

उज्वला कठड्याशी आली. "सुलाबाई, तुमचं देवघर कुठल्या भिंतीला आहे? ह्याच ना? अण्णांनी ती अर्धी कोरून कपाट केलंय आणि वर ही टाकी ठेवलीय. खाली छत सुटलंय. दोन वर्षांपासून त्यांना माहीत आहे. काकूंना विचारा."

सुलाबाईंनी बादली खाली ठेवली आणि अण्णांच्या दाराकडे निघाल्या. मालिनीकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

पुढचे दिवस कडू गेले. कॉलनीतली अर्धी माणसं म्हणत होती, की एका म्हाताऱ्या माणसाची भर गल्लीत शोभा केली. खोलीत सांगता आलं नसतं का? खोलीत सांगितलं होतं, हे मी ज्याला त्याला सांगत फिरले. अण्णा देवळात म्हणाले, की तिने सौदा मोडायला नाटक केलं. उज्वलाच्या कानावर सगळं येत होतं. ती डबे भरत राहिली. एकदा मीच तिला म्हटलं, जाऊ दे आता, सोड.

"नाही सोडणार, बाई," ती म्हणाली. "आमरस खाऊ घालत होते हो ते मला."

विसार दिला नव्हता, एवढंच काय ते बरं झालं. अक्षय्य तृतीया गेली, घरमालकाची मुदत आली. दुसरं घर इतक्या लवकर मिळणार नव्हतं. तिने आयटीआयच्या बाजूला दोन खोल्या पुन्हा भाड्याने घेतल्या. यशश्रीने त्याही येऊन ठोकून बघितल्या. कोंडाजी रुसला होता, तरी सामानाच्या दिवशी पिकअप घेऊन आला. पुढे तो, मधे यशोदाबाई, कडेला उज्वला, मागे पातेली आणि शेगड्या. पुढचं मला त्यानेच सांगितलं. पिंगळ्यांच्या गल्लीपाशी त्याने गाडी हळू केली. गच्चीवर मजूर दोर लावून काळी टाकी खाली उतरवत होते आणि सुलाबाई खाली उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. त्याने बहिणीला म्हटलं, बघ, उजे, उतरवली.

"बघायचं नाही मला," ती म्हणाली. "पुढं घे. आईला ऊन लागतंय. न्हाणीची वाट परत शिकवायचीय तिला."