आकारामने उतरवलेला कृष्णकमळाचा वेल

आष्ट्याच्या पानमळ्यांत आकारामच्या हाताला मान होता. कोणाचा वेल पिवळा पडला, कोणाच्या शेवरीला कीड लागली, की माणूस त्याच्या दारी येई. आणि आकाराम पायताण काढून मळ्यात शिरला की मळेवाला निम्मा निश्चिंत होई. खायच्या पानाचा वेल शेवरीच्या झाडावर चढवावा लागतो. तो हातभर वाढला की लव्हाळ्याच्या ओल्या पात्याने खोडाला बांधायचा. मग वर्षातून एकदा, शिमग्याच्या आगेमागे, सारा वेल खाली घ्यायचा, त्याचे वेटोळे करून बुडाशी मातीत पुरायचे आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. पुरलेल्या वेटोळ्याला नवी मुळे फुटतात व म्हातारा वेल पुन्हा तरणा होतो. या कामाला उतरण म्हणतात. उतरणीत आकारामचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्याला स्वतःला अधिक ठाऊक होती.

त्याच्या घरची एक रीत होती. पानाच्या वेलाला बाईमाणसाने हात लावायचा नाही. त्यामुळे सून चंद्राबाई हिने लग्न होऊन आल्यापासून मळा पाहिला तो बांधावरूनच.

आकारामचा एकुलता मुलगा नाथाजी लढाई लागल्यावर पलटणीत भरती झाला होता. एकदा तो रजेवर आला, तो बायकोसाठी रुमालाच्या गाठीत बी बांधून घेऊन आला. पुण्याच्या छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर तो वेल होता. तिथल्या माळ्याने बी दिले होते आणि ते कसे लावायचे तेही सांगितले होते.

"किस्नकमळ म्हणत्यात ह्येला," नाथाजी ओसरीवर बसून सांगू लागला. "निळं फूल. भवतीनं बारीक बारीक कौरव, मधी पाच पांडव, आन् त्येंच्या डोस्क्यावर किस्नदेव. मी लढाईवरनं येस्तवर दारात फुलीव. म्हंजी लांबनं घर वळखू येईल."

चंद्राबाईने पदराआडून मान हलवली. आकाराम मात्र तंबाखू मळता मळता हसला.

"बियापासनं येल? आरं गड्या, जल्म गेला माझा येलात. येल कांड्यापासनं येतो. बियापासनं भोपळा येतो."

"तुमास्नी काय करायचंय?" त्याची बायको मनुबाई आतून म्हणाली. "तिचं ती बघंल."

नाथाजी पलटणीवर परतला. चंद्राबाईने बी पाट्यावर हलके घासले, कोमट पाण्यात भिजत घातले आणि एका फुटक्या घागरीत नदीची वाळू व कुजके शेणखत कालवून त्यात टोचले. वर उसाचे पाचट पसरले. रोज सकाळी पाचट बाजूला करून ती पाही, हाताने पाणी शिंपडी आणि पुन्हा झाकून ठेवी. महिना उलटला तरी काही दिसेना. आकारामला तर चेष्टेला विषयच मिळाला. सुनेशी थेट बोलण्याची पद्धत नव्हती, म्हणून तो बायकोच्या नावावर बोले आणि सुनेला ऐकवी.

"आगं ए, इचार की तुझ्या सुनंला, घागरीत मीठ पेरलंय का काय?"

शेजारणी हसत. चंद्राबाई खाली मान घालून घागर झाके.

एके दिवशी पहाटे मळ्याकडे निघताना आकारामने सहज पाचट उचलले. वाळूतून एक वाकडा कोंब वर आला होता आणि बियाचे काळे टरफल अजून त्याच्या डोक्यावर होते. त्याने पाचट होते तसे ठेवले. हा कोंब त्याने सुनेच्या आधी पाहिला, हे त्याने घरात कोणालाही सांगितले नाही. मीठ पेरल्याची चेष्टा मात्र त्याने त्या दिवसापासून बंद केली.

रोप घागरीतून दाराशी लावले गेले. चंद्राबाईने बांबूच्या दोन मेसकाठ्या रोवल्या आणि त्यांच्यामध्ये सुतळीची जाळी विणली. या वेलाला बांधावे लागत नव्हते. पानाच्या बेचक्यातून बारीक तणावे निघत. ती शेंडा बोटाने हळूच सुतळीकडे वळवी, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो तणाव्याने सुतळीला घट्ट वेढे घातलेले असत. वेल काठ्या ओलांडून वळचणीवर गेला. येणारेजाणारे थांबून पाहत. आकारामही पाही, पण चोरून. जो वेल बांधावा लागत नाही, त्याच्याविषयी काय बोलावे हे त्याला सुचत नसे.

लढाई संपली. पलटणीतून सुटका होऊन नाथाजी शिमग्यानंतर घरी येणार असा निरोप आला. त्याच सुमारास लोणंदला चंद्राबाईच्या भावाचे लग्न निघाले. ती माहेरी गेली आणि नाथाजीने आगगाडीने लोणंदला उतरून तिला बरोबर घेऊन यावे असे ठरले. जाताना तिने गड्यादेखत सासूला एवढेच सांगितले, "आत्याबाई, येलाला सांजच्याला तांब्याभर पाणी घाला. दुसरं काय बी करू नगा."

मळ्यात तेव्हा उतरण चालू होती. आकाराम संध्याकाळी घरी आला की त्याची नजर दारच्या वेलाकडे जाई. खालची पाने झडली होती आणि बुंधा उघडा पडला होता. पानाच्या वेलाची अशी दशा झाली म्हणजे तो थकला असे समजतात. आकारामच्या मनात आले, पोरीला आपण फार बोललो. आता पोरगा यायच्या आत तिचा वेल आपल्या हाताने ताजा करून द्यावा. हा विचार त्याला इतका चांगला वाटला की त्याने कोणाला विचारले नाही.

त्याने गडी गुंडाला बरोबर घेतले. तणावे सुतळी सोडीनात, तेव्हा त्याने ते विळ्याने कापले.

"मालक," गुंडा शेंडा हातात धरून म्हणाला, "कळ्या दिसत्यात हितं."

आकारामने वाकून पाहिले. हिरव्या, टपोऱ्या कळ्या होत्या.

"असू देत. नवी मुळी फुटली की धाप्पट येतील."

"पर त्या वैनींनी सांगितलं हुतं..."

"तू मला येल शिकिवतूस व्हय रं?"

गुंडाने शेंडा खाली ठेवला. वेलाचे वेटोळे खड्ड्यात दाबताना दोन ठिकाणी कडकन आवाज आला. आकारामने तो ऐकला आणि माती लोटली. वर उरलेला शेंडा त्याने लव्हाळ्याने मेसकाठीला नीट बांधला.

थोड्याच दिवसांत शेंडा मान टाकून लोंबू लागला. आकारामने जास्त पाणी घातले. कळ्या गळाल्या. घरात कोणी नाही असे पाहून त्याने माती उकरली, तेव्हा वेटोळे काळे पडून बुळबुळीत झाले होते आणि त्याला कुजका वास येत होता. त्याने घाईघाईने माती वर ओढली आणि पायाने दाबून सारखी केली. मनुबाईने विचारले तेव्हा तो म्हणाला, "हुईल सुरळीत." तिच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

नाथाजी आणि चंद्राबाई आले त्या दिवशी अंगणात माणसे जमली होती. नाथाजीने ट्रंक खाली ठेवली, आईबापाच्या पाया पडला आणि दाराकडे पाहून म्हणाला, "आये, येल कुटं हाय? ही तर वाटंभर सांगत हुती..."

चंद्राबाई जाळीजवळ गेली. सुतळीला तणाव्यांचे वाळलेले वेढे तसेच होते, आणि प्रत्येकाचे टोक विळ्याने कापलेले होते. काठीला लव्हाळ्याची गाठ होती. तशी गाठ मारणारा घरात एकच माणूस होता. तिने एकदा खालच्या मातीकडे पाहिले.

"माझंच चुकलं," ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. "जाताना पाणी कमी घातलं. वाळला आसंल."

"मंग काय तर!" शेजारचा नानासो मोठ्याने हसला. "म्हणून तर मळ्यात बाईला येलाला हात लावू देत न्हाईत. काय आकारामतात्या?"

माणसे हसली. नाथाजीही कसनुसे हसला. गुंडा मात्र जमिनीकडे बघत उभा होता. चंद्राबाई ट्रंक उचलून आत निघाली.

आकारामचे कान तापले. गप्प राहिले तर सारे तिथेच मिटणार होते. गावात त्याचा हात तसाच शहाणा राहणार होता आणि सुनेच्या हाताला कायमचा बोल लागणार होता. तिने ते आपणहून पत्करले होते. ज्या सासऱ्याने अंगणात तिचे हसू केले, त्याचीच लाज ती झाकीत होती. त्याने हातातली तंबाखूची चिमूट टाकून दिली.

"नानासो, गप बस," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तिनं काय न्हाई केलं. मी उतरिवला त्यो येल. पानाच्या येलासारका. कुजला. आन् मातीखाली झाकून ठिवला."

हसू थांबले. नाथाजी बापाकडे पाहतच राहिला. माणसांपैकी कोणीतरी खाकरले.

चंद्राबाई उंबऱ्यात थांबली होती. पदर तिने आणखी पुढे ओढला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती सासऱ्याशी समोरासमोर बोलली.

"मामंजी, कळ्या आल्या हुत्या का?"

नाही म्हणणे सोपे होते. गुंडाशिवाय कोणी पाहिल्या नव्हत्या, आणि गुंडा बोलणारा नव्हता.

"व्हय, पोरी," आकाराम खाली पाहून म्हणाला. "आल्या हुत्या. मी बघितल्या हुत्या."

तिने मान हलवली आणि ती आत गेली. आलेल्या माणसांसाठी चहा ठेवायचा होता.