चेंडूनं खाल्लेला पाय

आमच्या कृष्णाकाठी चेंडू लाथाडणाऱ्याला कुणी खेळाडू म्हणत नाही. खेळाडू म्हणजे पैलवान, फार तर कबड्डीवाला. त्यामुळे वीरधवल भारताच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळत होता, परदेशातल्या मैदानांवर राष्ट्रगीताला उभा राहत होता, तेव्हाही गावात त्याची ओळख 'हंबीररावांचा फौजेतला पोरगा' एवढीच होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नव्हे.

मी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. हंबीरराव, म्हणजे त्याचे आबा, नावाजलेले पैलवान. पोराला त्यांनी तालमीतच वाढवलं. तो फौजेत गेला आणि तिथल्या सुभेदारानं त्याची धाव बघून त्याला फुटबॉलच्या संघात ओढलं. पुढं देशाच्या संघात निवड झाली, तेव्हा सुट्टीवर येऊन त्यानं आबांना समजावलं, की मधल्या फळीतला गडी स्वतः गोल क्वचितच मारतो, तो दुसऱ्याला चेंडू पुरवतो.

आबा म्हणाले, "म्हंजे कुस्ती दुसऱ्यानं मारायची आन घाम तू गाळायचा? ह्यो कसला खेळ रं?"

आम्ही पोट धरून हसलो. वीरधवलही हसला, पण त्याला ते लागलं होतं. आबांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. त्यांनी एकदा तरी 'शाब्बास' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली त्या वर्षी जत्रेला तो गावी आला. कुस्त्यांच्या मैदानात पंचांनी त्याला फेटा बांधला, नारळ दिला, हलगीच्या तालावर आखाड्याभोवती फिरवला. सत्कार तिथंच संपायला हवा होता. पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हंबीररावाचं रक्त हाय, नुसता फेटा बांधून धाडताय व्हय?" आबा उठले. शेजारच्या गावचा पैलवान ज्ञानू लांग चढवून उभाच होता. आबांनी हलगीवाल्याला खूण केली आणि आपल्या हातानं दोघांचे हात मिळवले. हलगी घुमली, जोड लागली, की आमच्याकडे माघार नसते. मागं फिरणाऱ्याच्या घराला पुढं कितीतरी वर्षं बोलणी खावी लागतात.

मी कडेनं बोंबलत होतो, "न्हाई म्हण गड्या!" त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. तो आबांकडं बघत होता.

कुस्ती त्यानं जिंकली. ज्ञानूला चितपट करताना उजव्या पायावर सगळा भार आला आणि गुडघा फिरला. आबांनी मैदानात धावत येऊन त्याला मिठी मारली, "शाब्बास रं माझ्या वाघा!" म्हणाले. वीरधवल त्यांच्या खांद्यावर भार टाकून हसत उभा राहिला. उजवा पाय खाली टेकवत नव्हता.

घरी सूज बघून आबा घाबरले, तेव्हा हा म्हणाला, "जुनंच दुखणं हाय आबा, खेळातलं. कुस्तीनं काय झालं न्हाई."

शस्त्रक्रिया झाली, पण गुडघा पूर्वीसारखा वळेना. संघ त्याच्यावाचून विमानात बसला आणि त्याला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. पेन्शन होईपर्यंत तो फौजेतच राहिला. आता कुपवाडच्या एका कारखान्यात सुरक्षा बघतो, किक मारता येत नाही म्हणून बटणाची गाडी चालवतो आणि विश्रामबागेतल्या घराचा जिना कठड्याला धरून चढतो. आबा मात्र इतकी वर्षं भेटेल त्याला सांगत आलेत, "त्या चेंडूनं माझ्या पोराचा पाय खाल्ला." ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. "खरं सांगून टाक की," मी त्याला म्हणायचो. "झाकली मूठ राहू दे," तो म्हणायचा. "त्यांच्याकडं माझी तेवढी एक कुस्तीच हाय."

गेल्या महिन्यात आबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्याच्याकडे राहायला आले होते. रविवारी मी जेवायला गेलो. संघातल्या जुन्या गोलरक्षकानं एका सामन्याचं चित्रीकरण फोनवर पाठवलं होतं. वीरधवलच्या बायकोनं, क्रांतीनं, ते टीव्हीवर लावलं. आबा नव्या डोळ्यांनी पुढं सरकून बसले. पडद्यावरचा वीरधवल दोघांच्या मधून निसटला, उजव्या पायावर गर्रकन वळला आणि न बघता चेंडू नेमका लांबच्या गड्याला दिला.

"ह्यो तूच काय?" आबांनी विचारलं. "आरं, कसला खेळतुयास! जागा आधीच दिसती की तुला. कवाचं हे?"

"त्या जत्रेच्या आदल्या महिन्यातलं," वीरधवल भरात बोलून गेला.

मी क्रांतीकडं पाहिलं. पैलवानाची नजर ती, आबा नुसते पाय बघत होते. पोरगा त्याच गुडघ्यावर पुन्हा पुन्हा वळत होता. सामना संपेपर्यंत आबा तसेच बसून राहिले. मग त्यांनी क्रांतीकडून तेलाची वाटी मागून घेतली, कष्टानं खाली बसले आणि लेकाचा उजवा गुडघा चोळायला लागले, तालमीत चोळायचे तसा.

"आबा, उठा. आता न्हाई दुखत."

आबांनी मान वर केली नाही. "हलगी मीच वाजवाया लावली हुती," ते म्हणाले. "तू मला न्हाई म्हणायचं हुतंस की रं."